फ्लोराइडच्या पाण्याच्या गावात मुलांना कोणती टूथपेस्ट द्यावी?

प्रश्न (पालक, पांढरकवडा परिसर)

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका गावात राहतो आणि पिण्याला व स्वयंपाकाला बोअरचेच पाणी वापरतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचे समोरचे पक्के दात उगवले तेच पांढुरक्या आडव्या रेषा घेऊन, आणि आता त्यांतल्या दोन दातांवर तपकिरी डाग दिसू लागले आहेत. शाळेतल्या तपासणीत हा फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने दातांवर पडणारे डाग, असल्याचे सांगण्यात आले. धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे. पेस्ट गोड लागते म्हणून तो थुंकण्याऐवजी ती गिळून टाकतो. आमच्या पेस्टच्या नळीवर फ्लोराइड १००० पीपीएम असल्याचे छापले आहे, ते वाचल्यापासून मला काळजी लागली आहे. सासूबाईंच्या मते पेस्ट बंद करून मुलांना राखुंडी द्यावी. दोघांना कोणती पेस्ट द्यावी, आणि किती? नळीच्या टोकाला असलेल्या रंगीत पट्टीवरून पेस्टमधले घटक ओळखता येतात, असेही ऐकले आहे. ते खरे आहे का?

उत्तर १ (दंतवैद्य, नांदेड)

ताई, आमच्याकडे किनवट भागातून असेच दात घेऊन मुले येतात, त्यामुळे तुमची काळजी मी समजू शकतो. आपल्या देशातील नियमानुसार टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये आणि ते प्रमाण, तसेच वापराची अंतिम तारीख, नळीवर व खोक्यावर छापलेली असावी. तुम्ही वाचले ते प्रमाण कायद्याच्या मर्यादेतच आहे. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट घेतली, तर ती साधारण एक ग्रॅम भरते. वाटाण्याएवढी घेतली तर सुमारे पाव ग्रॅम, आणि तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर त्याहूनही बरीच कमी. आता पाण्याचा हिशेब पाहा. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी मुलाने दिवसाला एक लिटर प्यायले, की तीन मिलिग्रॅम पोटात गेलेच. वरण-भातातून जाते ते निराळे. म्हणून पेस्ट बदलण्याआधी पाणी तपासून घ्या, असा माझा आग्रह आहे.

तुमच्या दोन्ही मुलांना मात्र एकच सल्ला लागू पडत नाही. फ्लोरोसिस होतो तो दाताचे वरचे कवच हिरडीच्या आत तयार होत असताना, आणि अक्कलदाढा सोडल्या तर हे काम वयाच्या आठव्या वर्षापर्यंत आटोपते. मुलीला पेस्टमुळे नवे डाग पडणार नाहीत. उलट फ्लोरोसिसचे दात किडत नाहीत हा समज चुकीचा असल्याने तिने १००० पीपीएमची पेस्ट सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, दोन-दोन मिनिटे अवश्य वापरावी. तिचे डाग कवचात मुरलेले आहेत, त्यामुळे दात शुभ्र करणाऱ्या किंवा कोळशाच्या पेस्टने ते जाणार नाहीत, कवच मात्र झिजेल. असे डाग दवाखान्यात सौम्य घासणीने किंवा दाताच्या रंगाचा थर देऊन झाकता येतात.

धाकट्याचे पक्के दात अजून हिरडीतच घडत आहेत, म्हणून खरी काळजी त्याची घ्यायची. पाण्याचा अहवाल हाती येईपर्यंत त्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या आणि ती तुम्ही स्वतः ब्रशवर लावा. पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड निघाले आणि गिळण्याची सवयही सुटली नाही, तर तो नीट थुंकायला शिकेपर्यंत जवळच्या दंतवैद्याच्या सल्ल्याने फ्लोराइडविरहित पेस्ट देता येईल. पाण्यात फ्लोराइड कमी असेल, तर वाटाण्याएवढी १००० पीपीएमची पेस्ट त्याला योग्यच आहे. थुंकणे शिकवताना आरशासमोर उभे करून, मान किंचित खाली घालून सराव घ्या; मान वर असली की मूल गिळतेच.

राखुंडी देऊ नये. तिचे कण कवच खरवडतात आणि किडीपासून तिचे काहीच संरक्षण मिळत नाही. घरात कोणी मशेरी लावत असेल तर मुलांना तिच्याजवळही जाऊ देऊ नका, कारण ती जाळलेली तंबाखूच असते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यावर आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे. रंगीत पट्टीचा घटकांशी काहीही संबंध नाही. कारखान्यातले यंत्र त्या खुणेवरून नळी कुठे कापायची आणि कुठे बंद करायची ते ओळखते, एवढेच.

उत्तर २ (पाणी तपासणीचे काम केलेला वाचक)

डॉक्टरांनी पाण्याचा मुद्दा मांडला, त्यात थोडी भर घालतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे फ्लोराइडचा तपासणी संच असेल तर प्राथमिक अंदाज लगेच मिळतो. अशा नेहमीच्या संचात पाण्यात थेंब टाकल्यावर गुलाबी रंग येतो आणि फ्लोराइड जितके जास्त, तितका तो पिवळेपणाकडे झुकतो. नेमका आकडा हवा असेल तर स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नमुना भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराइड मागे राहून त्याचे प्रमाण वाढते. कँडलचा साधा फिल्टरही उपयोगाचा नाही, आरओने मात्र ते बरेच कमी होते. गावात उथळ विहीर असेल तर तिचेही पाणी तपासा, कारण खडकातल्या खोल बोअरपेक्षा तिच्यात फ्लोराइड पुष्कळदा कमी आढळते.

पालक

दोघांचेही मनापासून आभार. उद्याच नमुना देते. आणखी एक विचारायचे होते. मुलाने कधी नळी हाती लागून बरीच पेस्ट खाल्ली, तर काय करावे?

उत्तर ३ (दंतवैद्य, नांदेड)

चार बोटे पेस्ट पोटात गेली तर बहुधा मळमळ आणि पोटदुखीवर भागते. लगेच दूध पाजावे, कारण दुधातले कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवते. उलटी मात्र मुद्दाम करवू नये. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड ही धोक्याची पातळी मानतात. १५ किलोच्या मुलासाठी ती ७५ ग्रॅम पेस्टमध्ये गाठली जाते, म्हणजे मोठी नळी बरीचशी रिकामी दिसली किंवा उलट्या थांबत नसल्या, तर वाट न पाहता नळी सोबत घेऊन रुग्णालयात जावे. नळीवरचे पीपीएम पाहून तिथल्या डॉक्टरांना किती फ्लोराइड पोटात गेले याचा हिशेब करता येतो.