जुन्या लेथवर बदललेली मोटर काप घेताना थांबते : व्होल्टेजचा मेळ कसा घालावा?

प्रश्न – सांगलीकर
बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून मी सहा फुटी जुना लेथ घेतला. त्याची मूळ मोटर जळालेली असल्याने 2 एचपीची दुसरी जुनी थ्री फेज मोटर बसवली आहे. तिच्या प्लेटवर 1.5 किलोवॅट, 415 व्होल्ट, स्टार, 3.4 अँपिअर, 50 हर्ट्‌झ, 1410 आरपीएम असे कोरलेले आहे. माझ्या शेडमध्ये फक्त सिंगल फेज असल्यामुळे मी 230 व्होल्ट घेऊन 230 व्होल्टच थ्री फेज देणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) जोडला. मोकळी असताना मोटर छान फिरते. परंतु 40 मिमीच्या एम.एस. (माइल्ड स्टील) रॉडवर एक मिमीचा काप घेतला की ती घुमते, थांबते, वार्निशचा वास येतो आणि ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. ड्राइव्ह खराब असावा का?

उत्तर – वाइंडर
ड्राइव्हमध्ये दोष दिसत नाही, जोडणी चुकली आहे. स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एका गाठीत बांधलेल्या जोडणीत, 415 व्होल्ट दिले की प्रत्येक वाइंडिंगला 415 भागिले 1.73, म्हणजे सुमारे 240 व्होल्ट मिळतात आणि तेवढ्यासाठीच ते वाइंडिंग भरलेले असते. आपण त्याच स्टारला 230 दिल्यामुळे वाटणीला जेमतेम 133 व्होल्ट येतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटत असल्याने जोर एक तृतीयांशाहूनही कमी उरतो.

ही मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, जोडावी; मग प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण 230 व्होल्ट मिळतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर एका ओळीतील तिन्ही टोके जोडणाऱ्या पत्र्या काढून समोरासमोरच्या जोड्यांवर उभ्या बसवाव्यात. तीनच वायरी बाहेर आल्या असतील, तर स्टारची गाठ आत वाइंडिंगच्या तोंडाशी बांधलेली असते. ती जाणत्या माणसाकडून सोडवून आणखी तीन वायरी बाहेर काढून घ्याव्यात. डेल्टात करंट 1.73 पटीने, म्हणजे 5.9 अँपिअरपर्यंत जाईल. ड्राइव्ह तेवढा करंट देणारा आहे ना, हे पाहून त्यात तोच आकडा भरावा. मोटरवर रंगाने ‘डेल्टा, 230’ असे ठळक लिहावे, कारण उद्या कोणी तिला अशीच 415 वर लावली तर ती काही मिनिटांत जळेल.

उत्तर – जुना टर्नर
वरील उत्तर योग्य आहे, मात्र ते प्रत्येक मोटरला लावू नये. आपल्याकडे 3 एचपी आणि त्यापुढच्या मोटरी बहुधा 415 वरच डेल्टात असतात. त्यांना या ड्राइव्हवर पूर्ण जोर मिळवून देणारी जोडणीच उरत नाही.

लेथचा सुलट-उलट फिरवण्याचा जुना स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नका. चालू भारावर तो तोडला तर ड्राइव्ह जाऊ शकतो. त्याच्या वायरी ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर न्याव्यात. बॉक्स उघडण्यापूर्वी वीज बंद करून किमान दहा मिनिटे थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. चक (रॉड पकडणारा भाग) स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा असेल, तर ड्राइव्हमध्ये भरायचा थांबण्याचा वेळ फार कमी ठेवू नये. स्पिंडल झटक्याने थांबला तर जड चक स्वतःच्याच वेगाने सुटून निघतो.

सांगलीकर
बॉक्समध्ये तीनच वायरी निघाल्या. येथील एका वाइंडरने गाठ सोडवून सहा टोके काढली, अर्थिंगही नव्याने केले आणि करंटचा आकडा 5.9 भरला. आज त्याच रॉडवर दीड मिमीचा काप सलग घेतला. मोटर कोमट झाली, वास अजिबात आला नाही. चक आट्यांचाच आहे, म्हणून थांबण्याचा वेळ पाच सेकंद ठेवला आहे.