अनुभव धागा : अलीकडच्या कादंबऱ्या-आत्मकथनं वाचताना नोंद कशी ठेवता?

‘छान आहे, नक्की वाचा’ एवढं लिहून पुस्तक कपाटात जातं आणि महिन्याभरानं त्यातलं काही सांगता येत नाही. म्हणून हा धागा. कथानक नको, ‘मी आणि माझं वाचन’ही नको. काम कसं करता, कुठे चुकतं, तेवढंच लिहा. (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शिसपेन्सिल :
मऊ पेन्सिल घ्या, २बी. कडक शिशाचा वळ पातळ कागदाच्या मागच्या बाजूला उठतो आणि खोडल्यावरही जात नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकाला तीही लावू नये. दोन बोटं रुंदीची कागदाची चिठ्ठी, तिच्यावर पान क्रमांक, तीन-चार शब्द आणि ‘का’. हा ‘का’ राहिला की चिठ्ठी मुकी होते. ‘पान ८४, सासूचं वाक्य’ यावरून पंधरा दिवसांनी काही कळत नाही. ‘पान ८४, सासू पहिल्यांदा सुनेला नावानं हाक मारते’ यावरून कळतं. अडीचशे पानांना पंधरा-वीस चिठ्ठ्या पुरतात. चाळीसच्या वर गेल्या तर निवड झालेलीच नाही. आवृत्ती लिहून ठेवा, नव्या आवृत्तीत पानं सरकतात. चिकटणाऱ्या रंगीत पट्ट्या जुन्या कागदावर नकोत, काढताना छपाईचा पापुद्रा सोबत येतो.

दोन मी :
आत्मकथनासाठी वेगळी खूण लागते. त्यात निदान दोन ‘मी’ असतात, घडलं तेव्हाचा आणि लिहितानाचा. समासात ‘त’ आणि ‘आ’ लिहीत जा : तेव्हाचा, आत्ताचा. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी ‘शोषण’ आलं की तिथे ‘आ’ बोलतोय. यात खोटेपणा नाही, पण कोण बोलतंय ते वाचकाला कळायला हवं. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) ही फोड उघडच केलेली आहे : दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. ती चौकट लक्षात घेतली नाही तर पुस्तकाचा सूरच चुकीचा लागतो.

दुसरं काम : शेवटच्या कोऱ्या पानाएवढ्या कागदावर दोन रकाने, साल आणि लेखकाचं वय. पाच-सात वर्षांची उडी दिसली की तिथे प्रश्नचिन्ह. त्या वर्षांत काय झालं याचे तर्क मात्र लढवू नका, उडी आहे एवढंच नोंदवा. तसंच नावं बदललेली असतील तर ‘हा म्हणजे तो अमुक’ हे शोधून जाहीर लिहिणं हा शुद्ध आगाऊपणा.

विणकाम :
सालाच्या रकान्यांबद्दल थोडं सावध. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) शीर्षकच सांगतं की मांडणी कशी वाचायची. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आई त्या विणायची आणि लेखिका स्वतःच्या लिहिण्याचं नातं त्या विणण्याशी जोडते. अशा पुस्तकाला तक्त्यात बसवायला गेलात तर धागे तुटतात. तिथे सालाऐवजी कोणती माणसं, कोणत्या वस्तू पुन्हा येतात ते लिहा.

करून राह्यला :
कादंबरीत माझा भर बोलीवर. सुरुवात, मध्य, शेवट अशी तीन ठिकाणं घ्यायची, प्रत्येकी एक पान संवाद मोठ्यानं वाचायचा. क्रियापदं ऐका. एकाच माणसाच्या तोंडी ‘करून राह्यला’ आणि ‘करतुया’ दोन्ही आली तर एक तर तो वऱ्हाडातून पश्चिम महाराष्ट्रात आलाय, नाहीतर लेखकाचा कान कच्चा आहे. मग बघा : निवेदन प्रमाण भाषेत आणि बोली फक्त अवतरणचिन्हांत कोंडलेली आहे का? बोली निवेदनात कुठे झिरपते, ते पान हमखास टिपा. निवेदक कोणाच्या बाजूला उभा आहे ते बहुधा तिथे कळतं.

अनोळखी शब्द लगेच शोधू नये. तिसऱ्यांदा आला आणि तरी अर्थ लागेना, तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडा. त्यात प्रांताच्या खुणाही दिलेल्या आहेत.

आधी पानं मोजा :
एवढं सूक्ष्म वाचण्याआधी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात दुकानातच उभं राहून सगळी पानं एकदा अंगठ्यानं सोडा. पुस्तकं बहुतेक सोळा पानी फॉर्मची, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या सोळा-सोळा पानांच्या जुड्यांची. एखादा फॉर्म गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा बसतो. मध्येच निवेदक भलताच गूढ झाला, तर समीक्षा लिहिण्याआधी पान क्रमांक बघावा. पावती ठेवा. नुसत्या डिंकाची बांधणी असेल तर पुस्तक टेबलावर दाबून सपाट उघडू नका, पाठ तडकते.

वर्गणीदार :
पुणे नगर वाचन मंदिर (स्थापना १८४८) किंवा कुठलंही जुनं ग्रंथालय असो, पुन्हा बांधलेल्या प्रती नीट पाहून घ्या. बांधताना आतला समास गिळला जातो आणि ओळींची टोकं शिवणीत जातात. आत्मकथनातली फोटोंची गुळगुळीत पानं तर सगळ्यात आधी सुटतात. अनुक्रमणिकेत ‘छायाचित्रे’ आहेत आणि प्रतीत नाहीत, असं झालं तर दुसरी प्रत मागा. आधीच्या वाचकाच्या रेघांचाही त्रास होतो, डोळा तिथेच थांबतो.

पेन्सिल नकोच :
वरच्या सगळ्यांशी थोडं भांडण आहे. पहिल्या वाचनाला हात मोकळा ठेवा. पुस्तक मिटल्यावर तीन दिवस जाऊ द्या, मग न उघडता दीडशे शब्द लिहा. त्यानंतरच पुस्तकाशी पडताळा. इथे दोन चुका ठरलेल्या. पात्रांची नावं अदलाबदल होतात, ती दुरुस्त करता येतात. दुसरी वाईट : मलपृष्ठावरची विशेषणं आपलीच वाटून लिहिली जातात. ‘अस्वस्थ करणारी’, ‘दाहक’ असं काही उतरलं तर मलपृष्ठ तपासा, बहुधा तिथे सापडेल. म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं आणि प्रस्तावना शेवटी वाचायची.

शिसपेन्सिल :
कव्हर मान्य. पण चारशे पानांच्या कादंबरीत तीन दिवसांनी ते सासूचं वाक्य पान ८४ वर होतं की १४८ वर, हे चिठ्ठीशिवाय कसं शोधणार?

पेन्सिल नकोच :
नाही सापडलं तर दुसऱ्यांदा वाचायचं. तेव्हा चिठ्ठ्या घाला.