कॅनडाचा स्टडी व्हिसा नाकारला, कोर्टात जाण्यात अर्थ आहे का?

दांडियाबाजारकर
मंडळी, सल्ला हवाय. पुतण्याचं कॅनडाचं स्टडी परमिट नाकारलं. मेकॅनिकल बी.ई., बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीत नोकरी, ओंटारिओतल्या सरकारी कॉलेजात सप्लाय चेनच्या पदविकेला प्रवेश. नकारपत्रात नेहमीचंच वाक्य: मुदत संपल्यावर तुम्ही कॅनडा सोडाल याची खात्री वाटत नाही. सोबतच्या टिपणात व्हिसा अधिकारी साहेब लिहितात, पदवी आणि अनुभव असताना पदविका कशाला? अहो, कंपनीने लेटरहेडवर लिहून दिलंय की कोर्स करून ये, परचेस खात्यात बढती देतो. त्या पत्राचा टिपणात साधा उल्लेखही नाही! अलकापुरीतला एजंट म्हणतो, "काका, नवी फी भरा, परत टाकू." त्याचं काय जातंय म्हणायला. आमचे व्याही म्हणतात, गुजरात हायकोर्टात रिट करा. कोणाचं ऐकू?

सयाजीगंज_वकील
काका, व्याह्यांचा मान राखा, पण रिट नको. परदेशी सरकारच्या व्हिसावर आपल्या हायकोर्टाचा अधिकार चालत नाही. दाद मागायची ती कॅनडाच्या फेडरल कोर्टात. निर्णय कॅनडाबाहेर झाला असेल तर तो कळल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. कोर्टाची फी ५० कॅनेडियन डॉलर, पण वकिलाचा खर्च हजारो डॉलरांत जातो. आधी न्यायाधीश कागदांवरून ठरवतात की प्रकरण ऐकायचं की नाही. परवानगी मिळाली तरच सुनावणी.

आता मुद्द्याचं. पुतण्या व्हिसाला लायक आहे का, हे कोर्ट बघत नाही. साहेबांसमोर जे कागद होते त्यांवरून त्यांचा निर्णय तर्काला धरून आहे का, एवढंच बघतं. २०१९ च्या वाविलोव्ह निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाने कसोटी घालून दिली: कारणमीमांसा समजण्याजोगी हवी आणि पुराव्याशी जुळणारी हवी. टिपण चार ओळींचं असलं तरी चालतं, मात्र महत्त्वाचा विरुद्ध पुरावा न बघितल्यासारखा सोडून देता येत नाही. तुमचं ते कंपनीचं पत्र नेमकं इथे कामाचं. नवीन कागद मात्र आता सहसा जोडता येत नाहीत. फाइलच कच्ची असेल तर कोर्टात पैसे घालण्यापेक्षा नव्याने अर्ज बरा. दोन्ही एकदम करता येतं, पण नव्या अर्जाच्या उत्तराची वाट बघत ६० दिवस घालवू नका.

आणि एजंट "कोर्टाचंही आम्हीच करून देऊ" म्हणाला तर हात जोडा. फेडरल कोर्टात तुमच्या वतीने तिथला सनदधारक वकीलच उभा राहू शकतो, इमिग्रेशन कन्सल्टंटला उभं राहता येत नाही.

निझामपुरा_आई
आमच्या लेकीच्या वेळी सुनावणीपर्यंत गेलंच नाही. सरकारी वकिलांनीच कळवलं की केस मागे घ्या, दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरविचार करवतो. आम्हाला वाटलं जिंकलो, पेढे आणायचेच बाकी होते. पण कोर्ट काही हातात व्हिसा देत नाही हो, फाइल परत त्याच खात्यात जाते. तोवर सप्टेंबरची बॅच निघून गेली होती, प्रवेश पुढच्या सत्रात ढकलून नवं पत्र मागवावं लागलं. कॉलेजला आत्ताच मेल टाकून ठेवा.

ह्यूस्टनहून_बडोदेकर
निदान तुम्हाला दार तरी आहे! अमेरिकेत कॉन्सुलेटने व्हिसा नाकारला की कोर्ट सहसा हातच लावत नाही. २०२४ मध्ये मुन्योझ खटल्यात एक अमेरिकन नागरिक बाई नवऱ्याच्या व्हिसासाठी लढली, सरकारने प्रकरण सुप्रीम कोर्टात नेलं आणि तिथे निकाल तिच्या विरोधातच गेला.

दांडियाबाजारकर
वकीलसाहेब, उपकार झाले. आज एजंटकडे भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मागितली, तर म्हणे "पोर्टल आमच्या लॉगिनवर आहे, बघून सांगतो." आता मला वेगळीच शंका येतेय: ते पत्र त्याने अपलोड तरी केलं होतं का? प्रत हातात आली की इथे लिहितो. तोवर कॅनडातला वकील गाठून ठेवावा, की आधी प्रतच बघावी?

सयाजीगंज_वकील
दोन्ही आजच. नकाराची तारीख काय आहे?