कळसूबाई: नवरात्रात जावं, दसऱ्याला जोडून, की दिवाळीच्या आधी? (कोल्हापूरहून, आईबाबा सोबत)

रंकाळा_पहाट
नमस्कार मंडळी, कळसूबाईला जायचंय, मी, नवरा आणि माझे आईबाबा. बाबा ६१ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे पण रोज पहाटे रंकाळ्याला पूर्ण फेरी असते त्यांची, आईचा मात्र गुडघा उतरताना दुखतो. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर एकदा पायानं चढायचं ही बाबांची लई जुनी इच्छा आहे आणि यंदा काहीही करून न्यायचंच असं मी ठरवलंय.
यंदा (२०२५) घट २२ सप्टेंबरला बसतायत. नवरा म्हणतोय २७-२८ सप्टेंबरला जाऊ, नवरात्रात वर देवीची यात्रा असते, दर्शन पण होईल (आई म्हणते घटाला पाणी घालायला वहिनी आहे घरी). दुसरा पर्याय दसरा २ ऑक्टोबरला गुरुवारी आहे, शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मिळतात. तिसरा ११-१२ ऑक्टोबर. पाऊस नक्की कधी थांबतो तिकडं? फोटोत बघतोय तसा हिरवा डोंगर आणि निळं आभाळ पाहिजे. आणि गाडीनं जावं की रेल्वेनं?

डोंगरवाट_करवीर
ताई, तिन्हीत ११-१२ ऑक्टोबर. त्याचं कारण पाऊस नव्हे, आभाळातली वीज, ते जरा सविस्तर सांगतो कारण वय झालेली माणसं सोबत आहेत.
जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे आपल्या गगनबावड्यासारखा, दिवसभर धुकं आणि झड, भिजणार हे ठरलेलं पण त्यात कडकडाट फारसा नसतो. सप्टेंबरच्या शेवटाला सगळं बदलतं. परतीचा पाऊस सुरू होतो, सकाळी लख्ख ऊन पडतं, जमीन ओली असते ती तापते, दुपारी एक-दोनपर्यंत ढग उभे चढत जातात आणि तीन-चारला गडगडाटासह कोसळतात. आपल्याकडं हस्ताचा पाऊस म्हणतात तो हाच, सूर्य २७ सप्टेंबरच्या आसपास हस्तात जातो आणि १०-११ ऑक्टोबरला चित्रा लागते. म्हणजे तुमचे पहिले दोन्ही पर्याय बरोबर हस्तात पडतायत. हवामान खात्याच्या हिशोबानं सुद्धा मुंबईतनं मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, दोन-चार दिवस मागंपुढं होतंयच.
आता कळसूबाईला हे जास्त का बघायचं तर १६४६ मीटरवरचा उघडा माथा, झाड नाही, आडोसा नाही, आणि वाटेत लोखंडी शिड्या आणि रेलिंग. ढग गरजायला लागल्यावर शिडीवर रांगेत अडकणं यासारखी वाईट जागा नाही. म्हणून महिना कुठलाही असू दे, माथा ११ वाजायच्या आत सोडायचाच. गडगडाट ऐकू आला की लोखंडापासनं लांब व्हायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, सगळ्यांनी एकमेकाला चिकटून बसायचं नाही, आणि शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास जाईपर्यंत परत शिडीला हात लावायचा नाही. फोनमध्ये दामिनी अॅप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आसपास वीज पडत असेल तर दाखवतंय. पण वर रेंजचा भरवसा धरू नका, आभाळाकडं बघत राहायचं.

सोनकी_वेडी
वरच्या दादांचं विजेचं सगळं पटलं पण एक बाजू मांडते. ताईंना हिरवा डोंगर पाहिजे म्हणतायत. सोनकीची पिवळी फुलं सप्टेंबरमध्ये ऐन भरात असतात, अख्खा उतार पिवळा दिसतो, पायथ्याच्या बारी गावाहून निघाल्यावर शेताच्या बांधापासनंच सुरुवात होते आणि जवळ बसून बघितलं तर एकेका फुलावर तीन-चार माश्या असतात. १२ ऑक्टोबरला गवत टोकाला पिवळं पडायला लागलेलं असतं, सोनकी विरळ होते. रजा मिळत असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मधल्या वारी जा, पहाटे चढा, दहाला उतरायला लागा. शनिवार-रविवार मात्र अजिबात नको.

मूळ_राजूरचा
मी मूळचा कळसूबाईजवळच्या राजूरचा, नोकरीनिमित्त कोल्हापुरात असतो म्हणून लिहितो. नवरात्रात कळसूबाईला नऊही दिवस माणूस असतो. अकोले, इगतपुरी, सिन्नर सगळीकडून लोक येतात, नवस फेडायला येतात, म्हाताऱ्या बायका अनवाणी चढतात. ती आमची जत्रा आहे, श्रद्धेनं येणाऱ्याचं स्वागतच आहे, पण गुडघा दुखणारी आई आणि बीपीचे बाबा घेऊन २७-२८ च्या गर्दीत येऊ नका. शिडीखाली खोळंबा होतो, मागून ढकलाढकली होते आणि आपल्या दमानं थांबत चढता येत नाही. दर्शन काय, देवी बारा महिने वरच आहे. दुसऱ्या शनिवारी या, पूजाऱ्याशी दोन शब्द बोलायला पण वेळ मिळेल.
सोनकीताईंना एवढंच सांगतो की ऑक्टोबरच्या मध्याला फुलं कमी असली तरी हवा धुऊन निघालेली असते. माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले अगदी समोर, रतनगड, खाली भंडारदऱ्याचं पाणी, सगळं स्पष्ट दिसतं. सप्टेंबरला वर पोचून पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसलं नाही असं बऱ्याच जणांचं होतं.

रंकाळा_पहाट
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, ११-१२ पक्कं केलं. सोनकी बघायची माझी लई इच्छा होती पण बाबांना वर पोचून चारी बाजूंनी दिसलं पाहिजे ते महत्त्वाचं. आता प्रवासाचं सांगा की, आणि तयारी काय करून घेऊ दोघांची?

हायवे_४८
गाडीच न्या. रेल्वेनं जायचं तर महालक्ष्मीनं कल्याण, मग कसारा लोकल, मग जीप, पोरांना ठीक आहे, आईबाबांची त्यातच दमछाक होईल.
गाडीनं पुणे, चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, बारी. चारशे किलोमीटरच्या आसपास धरा आणि चाकणला ट्रॅफिक लागतंयच, म्हणून शनिवारी पहाटे चारला कोल्हापूर सोडा. एका दिवसात जाऊन चढायचं मनात सुद्धा आणू नका. शनिवारी दुपारी पोचायचं, बारीत कुणाच्यातरी घरी मुक्काम करायचा किंवा भंडारदऱ्याला राहायचं, लवकर झोपायचं. रविवारी उतरून आल्यावर सलग कोल्हापूर गाठायचं म्हटलं तर ड्रायव्हर दोन पाहिजेत, नाहीतर पुण्यात कुणी पाव्हणं असतील तर रात्री तिथं थांबा आणि सोमवारी सकाळी निघा.

डोंगरवाट_करवीर
तारीख चांगली निवडली. ६ ला कोजागिरी आहे, म्हणजे १२ च्या पहाटे चारला अर्ध्याहून मोठा चंद्र डोक्यावर असेल, तरी प्रत्येकाला कपाळावरची बॅटरी पाहिजेच, पायरीची कड चंद्राच्या उजेडात फसवी दिसते. साडेचारला बारीतनं निघालात की बाबांच्या दमानं साडेआठपर्यंत माथ्यावर पोचाल, तासभर बसा, खा, आणि उतरा.
तयारीसाठी आतापासनं दर रविवारी कुशिऱ्याहून गायमुखमार्गे जोतिबा चालत चढवा दोघांना. रंकाळ्याची फेरी सपाट आहे, तिनं दम टिकतो पण मांड्यांना चढ-उताराची सवय होत नाही. आईंना उतरायचा सराव जास्त द्या, दोन काठ्या घ्या, निकॅप डॉक्टरांना विचारून, आणि बाबांची गोळी पहाटे किती वाजता घ्यायची ते पण त्यांनाच विचारून ठेवा. जोतिबाला दोन-तीनदा जाऊन आईंचा गुडघा सुजला तर आईंना पहिल्या मंदिरापर्यंतच न्या, तुमच्यापैकी एकानं त्यांच्यासोबत थांबा. बाबांची इच्छा पुरी होते आणि आईंना त्रास होत नाही.
पाणी माणशी दोन लिटर. ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर चटका देतं, आणि पहाटे माथ्यावर वारा एवढा गार असतो की घामानं भिजलेल्या अंगाला हुडहुडी भरते, म्हणून एक कोरडा शर्ट आणि पातळ जर्किन प्रत्येकाच्या पाठीवर पाहिजे. ९ तारखेपासनं नाशिक आणि अहिल्यानगर दोन्ही जिल्ह्यांचा अंदाज बघत राहा, डोंगर बरोबर हद्दीवर आहे. यलो अलर्ट गडगडाटाचा असेल तर रविवारी फक्त भंडारदरा आणि रंधा धबधबा फिरा आणि कळसूबाई दिवाळीनंतर करा.

मूळ_राजूरचा
बारीत राहायचं असेल तर आठवडाभर आधी फोन करून जेवण सांगून ठेवा, पिठलं-भाकरी, ठेचा ताजं करून देतात. बाबांना तिखट चालत नसेल तर तेही तेव्हाच सांगा.