आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकच्या चाकात खरखर, छोटी बेअरिंग धुवायची कशी आणि तेल घालायचं की ग्रीस?

कोपरखैरणे_शॉर्टकोर्स

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १/१० चा टू व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे, ब्रशलेस मोटरवाला. गणपतीनंतर पाऊस जरा उघडला म्हणून सेक्टरच्या मैदानावर परत पळवायला सुरुवात केली, पण मैदान अजून ओलंच आहे, मधेमधे डबकी आणि ती लाल माती सगळीकडे घुसते. आता पुढचं डावं चाक हाताने फिरवलं की खरखर येते आणि लगेच थांबतं, उजवं मस्त फिरतं. चाक खोलून बेअरिंग काढली, दोन्ही बाजूंना निळं रबर आहे, माप ५×११×४ मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी).

हे रबर काढायचं असतं का? काढायचं तर फाटू न देता कसं? धुवायचं कशाने? घरात डब्ल्यूडी-४० आहे, आईच्या शिलाई मशीनचं तेल आहे, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये घालतो ते सिलिकॉन ऑइल आहे आणि सायकलवाल्याकडचं पिवळं ग्रीस आहे, यातलं काय चालेल? आणि व्हिडिओत धुतलेली बेअरिंग बोटावर किती वेळ गरगर फिरताना दाखवतात, तेल घातल्यावर तशी फिरत नाही, मग तेल न घालताच लावतात का लोक?

---

घोडबंदरची_बगी

सगळ्यात आधी बेअरिंग नुसती मळली आहे की बाद झाली आहे ते बघ, बाद असेल तर धुण्यात संध्याकाळ जाईल आणि हातात काहीच येणार नाही. पेन्सिलीचं टोक आतल्या रिंगमध्ये घट्ट बसव, बाहेरची रिंग दोन बोटांनी अगदी सावकाश फिरव आणि कानाजवळ धर. फेरीभर सगळीकडे सारखंच चरचरत असेल तर आत माती आहे, ती धुतली की जाते. पण दर फेरीला ठरावीक जागीच टक करून अडकत असेल तर रेसवर (बॉल ज्या खाचेत फिरतात ती) खड्डा पडलाय नाहीतर बॉलचा टवका उडालाय, त्याला कुठलंही तेल घाल, ते जाणार नाही. रिंग आडवी थोडी डुगडुगते ती काळजीची गोष्ट नाही, या बेअरिंगमध्ये तेवढी मोकळीक असतेच, वरखाली खेळ जाणवला तर मात्र टाकून दे.

रबर काढायचंच, न काढता धुतलं तर घाण आतल्या आत फिरत राहते. कटरचं नवं पातं घे आणि टोक घालायचं ते आतल्या कडेने, म्हणजे आतली रिंग आणि रबर यांच्या मधल्या फटीत. बाहेरची कड खाचेत अडकलेली असते, तिथून उचकटायला गेलास की सील (म्हणजे हे रबर) वाकडं होणार. पातं जवळजवळ आडवं धर, जरासं उचल, टप्पकन सुटतं. रबराच्या आत पत्र्याची पातळ चकती असते, तिला बाक आला की सील परत नीट बसत नाही आणि एका बाजूने घासत राहतं, म्हणून घाई करू नकोस. एक सील निघालं की आत बॉल आणि केज (बॉलना अंतरावर धरून ठेवणारी जाळी) दिसेल, केज प्लास्टिकची आहे की पत्र्याची ते बघून ठेव.

धुवायला जॅमची काचेची छोटी बाटली घे. नुसत्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले वापरतात तेच) माती निघते पण जुनं ग्रीस नीट विरघळत नाही. म्हणून पहिली धुवण व्हाइट पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये, झाकण लावून भरपूर हलव, ओतून दे, परत भर. बाटलीच्या तळाशी काळा गाळ दिसेल, बारीक वाळूसुद्धा दिसेल, तो दिसायचा बंद होईपर्यंत हेच. मग शेवटी आयपीएमध्ये एकदा खळबळून काढ म्हणजे रॉकेलचा तेलकट थर पण जातो. सील वेगळी ठेव, ती साबणाच्या पाण्यात मऊ टूथब्रशने पुसली की झालं. नेलपॉलिश रिमूव्हर आणि रंगाचा थिनर यांच्या वाटेला जाऊ नकोस, रबर फुगतं आणि मग खाचेत बसतच नाही.

हे सगळं गॅलरीत कर, किचनमध्ये नाही, देवाजवळचा दिवा किंवा गॅस जवळ नको, पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत लांबपर्यंत जाते. आणि थर्माकोलच्या कपात ओतू नकोस, पेट्रोलने तो विरघळतो.

डब्ल्यूडी-४० बद्दल लोक भांडतात पण गोष्ट साधी आहे. १९५३ साली सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं ते पाणी हटवायला आणि गंज रोखायला. ओली गाडी घरी आणल्यावर पाणी काढायला उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा, मागे राहतो तो थर अगदी पातळ, आणि जाता जाता बेअरिंगमधलं असलेलं ग्रीस पण पातळ करून जातं. मारलंस तर मार, पण त्यानंतर खरं वंगण घालायलाच हवं.

---

रबाळे_मेंटेनन्स

वरचं सगळं बरोबर आहे, मी फिरण्याबद्दल बोलतो कारण यात नवीन मुलं फार फसतात.

सुकी बेअरिंग बोटावर जास्त वेळ फिरते कारण आत अडवायला काहीच नसतं. तेल ग्रीस हे थोडं तरी ओढतंच, ओढतं म्हणजेच बॉल आणि रेस यांच्यामध्ये थर आहे. चाकावर गाडीचं वजन आलं, त्यात उडी मारून गाडी खाली आपटली की तो थर नसलेली बेअरिंग लोखंडावर लोखंड घासते, आणि मग तुला खरखर ऐकू येईल ती मातीची नसेल. बोटावर किती वेळ फिरते हे मोजूच नकोस. सावकाश फिरव आणि हाताला काय लागतं ते बघ. गुळगुळीत लागली, आवाज नाही, मधे कुठे अडकत नाही, बस, ती चांगली. आमच्याकडे मोठ्या मोटारीच्या बेअरिंगला सुद्धा आधी हातच लावून बघतात.

हवेच्या प्रेशरने बेअरिंग फिरवून सुकवायची नाही!! शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून मजा वाटते पण वंगण नसताना तेवढ्या वेगात बॉल घसरतात, रेसवर ओरखडे पडतात, केज तुटली तर बॉल डोळ्यात जाऊ शकतो. हवा मारायची तर दोन्ही रिंग बोटात घट्ट धरून मार.

तुझ्या यादीतलं सिलिकॉन शॉक ऑइल बेअरिंगमध्ये घालू नकोस. शॉकमध्ये, डिफमध्ये (डिफरन्शियल गिअरमध्ये) ते छान काम करतं कारण तिथे त्याच्या जाडपणाचा उपयोग आहे, पण स्टीलवर स्टील फिरताना सिलिकॉन तेलाचा थर टिकत नाही. शिलाई मशीनचं तेल चालेल. आणि कुणी खोबरेल सुचवेल, तर नको, २४-२५ डिग्रीच्या खाली ते थिजतं, डिसेंबरात सकाळी बाटलीत बघतोसच की.

आता तेल का ग्रीस. तुझी गाडी चिखलात जाते, चाकाला ग्रीस घाल. सायकलवाल्याचं लिथियम ग्रीस चालेल फक्त डबा उघडा पडलेला नको, त्यात माती असते. सगळं भरायचं नाही, आतल्या रिकाम्या जागेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे या मापात डाळीच्या दाण्याहून कमी. ठासून भरलंस तर बॉल ते घुसळत बसतात, बेअरिंग तापते, आणि जास्तीचं ग्रीस सीलमधून बाहेर येऊन वर माती चिकटवतं. सुईच्या टोकावर घेऊन बॉलच्या मधेमधे ठेव, थोडं फिरव, मग सील बोटाने चारी बाजूंनी दाबून बसव. मोटरच्या बेअरिंगला मात्र पातळ तेल, एकच थेंब, इन्सुलिनच्या सिरिंजने पडतो तेवढा, कारण तिथे वेग फार.

अजून एक, नवीन घेताना दुकानदार अबेक ७, अबेक ९ (बेअरिंगच्या अचूकतेचे दर्जे) असं सांगून जास्त पैसे मागेल. ते नुसतं मापाच्या आणि फिरण्याच्या अचूकतेचं बोलतं, १, ३, ५, ७, ९ असा चढता क्रम. आत ग्रीस कोणतं, सील कसं, केज कशाची हे त्यात काहीच येत नाही. चिखलाच्या गाडीला चांगलं सील असलेली साधी बेअरिंग बरी.

---

सीवूड्स_आरसी

मला गंजाबद्दल सांगायचंय, कारण आपल्याकडे खाडीच्या कडेला बेअरिंग मातीपेक्षा गंजानेच जास्त जातात असं माझं ठाम मत झालंय. साधी बेअरिंग क्रोम स्टीलची असते, चमकते म्हणून लोकांना स्टेनलेस वाटते पण तिला गंज लवकर धरतो. आणि धुवून ग्रीस काढलेली बेअरिंग तर उघडीच असते. पावसाळ्यात ती रात्रभर टेबलावर "सुकायला" ठेवलीस तर सकाळी रेसवर तांबूस ठिपके दिसू शकतात. धुणं, सुकवणं आणि ग्रीस घालणं एका बैठकीतच कर. हेअर ड्रायरची कोमट हवा मार, पण आयपीए आधी उडून जाऊ दे, ओली असताना ड्रायर नको. हाताच्या घामाने पण डाग पडतात, त्यामुळे धुतल्यावर चिमट्याने उचल.

आणि धुवायची वेळ येऊच नये म्हणून, डबक्यातून गाडी आली की त्याच दिवशी चाकं काढ. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गाडी धुवू नकोस, तोच फवारा सीलच्या आत माती ढकलतो. ब्रशने सुका चिखल झाड, मग ओलं फडकं.

अजून एक जागा बघ, एक्सल आणि बेअरिंग यांच्या मधली. तिथे केस आणि गवत गुंडाळलेलं असतं, आणि जानेवारीत संक्रांतीनंतर मैदानावर पडलेला मांजा. मांजा फार वाईट, गुंडाळत गुंडाळत सीलच्या कडेत शिरतो आणि रबर कापतो. बाहेरून काहीच दिसत नाही, चाक काढल्यावर काळी दोऱ्याची रिंग दिसते. तुझं एकच चाक अडकतंय म्हणून मी आधी तिथेच बघितलं असतं.

---

कळव्याचा_क्रॉलर

एवढं सगळं पुढच्या चाकाच्या बेअरिंगसाठी कशाला करायचं? एमआर११५ २आरएस (२आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील) नंबर सांग आणि नवीन घे. मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, बेअरिंगचीच दुकानं आहेत. आपण गाडी पळवायला घेतो, बेअरिंग धुवायला नाही.

---

घोडबंदरची_बगी

@कळव्याचा_क्रॉलर नंबर बरोबर सांगितलास, आणि जोडीला मागच्या हबची (ज्यात चाकाच्या बेअरिंग बसतात तो भाग) १०×१५×४ असेल तर ६७०० लिहून घेऊन जा, व्हर्निअरने मोजून खात्री करून. पण नवीन घालून त्याच चिखलात नेली की ती पण तशीच होणार, त्यामुळे धुता येणं उपयोगाचंच. शिवाय नवीन बेअरिंग रविवारी संध्याकाळी मिळत नाही.

---

कोपरखैरणे_शॉर्टकोर्स

धन्यवाद सगळ्यांना, ताई तुमचं बरोबर निघालं, एक्सलवर मांजा होता, सीलची आतली कड कापलेली आहे. बेअरिंग धुतली तर एकदम गुळगुळीत लागते, पण सील फाटलंय म्हणून ती नवीन मागवतो, तोपर्यंत हीच ग्रीस घालून सुक्या जागेत चालवतो. दोन शंका राहिल्या. एक म्हणजे मागच्या हबच्या बेअरिंगला रबर नाही, पत्र्याचं झाकण आहे, ते कसं काढू? आणि दुसरं, चाक लावून नट टाईट केला की परत जड फिरतं, नट ढिला केला की छान फिरतं, बेअरिंग तर साफ आहे मग असं का होतंय?

---

रबाळे_मेंटेनन्स

पत्र्याच्या झाकणाच्या कडेला भिंगातून बघ, एक बारीक तारेची रिंग दिसते का, जिच्यात एका जागी फट आहे? असेल तर फटीजवळचं एक टोक सुईने आत खेच, तार बाहेर येते, मग झाकण उलटं केलं की पडतं. तार स्प्रिंगसारखी उडते, हरवली की सापडत नाही, म्हणून पारदर्शक पिशवीत हात घालून पिशवीच्या आतच काढ. तार नसेल तर झाकण दाबून बसवलेलं आहे, ते काढू नकोस, परत बसणार नाही. ती तशीच धू, झाकणाच्या फटीतून पेट्रोल आत बाहेर जातं, फक्त जास्त वेळ भिजव आणि जास्त वेळा बदल. नंतर ग्रीस तिथून जाणार नाही, तेलाचे थेंब घाल आणि फिरव.

नटचं कारण बेअरिंगमध्ये नाही. हबमध्ये दोन बेअरिंग असतात आणि मधे एक्सलवर स्पेसर (अंतर राखणारी नळी) किंवा शिम (पातळ वॉशर) असते, नट आवळला की ताण आतल्या रिंगवरून स्पेसरवर जायला हवा. स्पेसर नसेल किंवा आखूड असेल तर दोन्ही आतल्या रिंग एकमेकींकडे दाबल्या जातात आणि बॉल आडवे चेपले जातात. चाक खोललंस तेव्हा एखादी पातळ वॉशर चिखलाबरोबर हबच्या मागे चिकटून राहिली आहे का बघ, आणि बेअरिंग हबमध्ये पूर्ण तळाला टेकली आहे का तेही बघ, खाली मातीचा थर राहिला असेल तर ती तिरकी बसते. बसवताना बाहेरच्या रिंगवरच दाब दे, तेवढ्या मापाचा सॉकेट ठेवून, आतल्या रिंगवर दाबलंस तर सगळा जोर बॉलमधून रेसवर जातो. हे सगळं ठीक असेल तर नट आवळ आणि चाक मोकळं फिरेल इतपत किंचित मागे घे, नायलॉनवाला नट आहे म्हणून तिथेच थांबतो. नायलॉन झिजलेला वाटला तर नट नवीन टाक.

---

कोपरखैरणे_शॉर्टकोर्स

शिम सापडली दादा, जुन्या बेअरिंगच्या मागे चिखलात चिकटली होती. लावली, आता नट टाईट करूनही फिरतंय. मागच्या बेअरिंगला तारेची रिंग आहे, पिशवी आणतो.