तातडीची मदत हवी आहे : पुण्यात रात्री चालू असलेलं हायपरबेरिक ऑक्सिजन चेंबर

आमच्या काकांची (वय ६४, बीपी आणि शुगर) उजव्या डोळ्याची नजर आज दुपारी जेवताना एकदम गेली. दुखणं नाही, लाली नाही, थेट अंधार. कोथरूडमधल्या नेत्रतज्ज्ञांनी रेटिनाची (डोळ्याच्या आतल्या पडद्याची) मुख्य धमनी बंद झाल्याचं सांगितलं. हा डोळ्याचा स्ट्रोकच, म्हणून लगेच अ‍ॅडमिट केलंय. एमआरआय, मानेची डॉपलर, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चालू आहे.

डॉक्टर म्हणाले, हायपरबेरिक चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर तो रेटिनामागच्या कोरॉइडमधून (रक्तवाहिन्यांच्या थरातून) आत झिरपतो आणि रक्तप्रवाह सुरू होईपर्यंत रेटिना तग धरू शकते. खात्री नाही, पण जितकं लवकर तितकं बरं. २४ तासांनंतर फारशी आशा उरत नाही.

पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये आत्ता असं चेंबर कुठे मिळेल? मधुमेही पायाच्या जखमांसाठी वापरतात ते चालेल, फक्त दाब किमान २ एटीए (नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट) हवा. वेलनेसवाल्यांचे फुगवायचे मऊ चेंबर कृपया सुचवू नका, त्यांत एवढा दाब येतच नाही.

चेंबरसाठी छातीचा एक्सरे आणि कान तपासून झालेत, डॉक्टरांचं पत्र हातात आहे, अ‍ॅम्ब्युलन्सही सांगून ठेवलीय. कुठल्या चेंबरवर रात्री डॉक्टर आणि ऑपरेटर हजर असतात, हे माहीत असलेल्यांनी कृपया लगेच कळवा. रात्री कितीही वाजता फोन करा.