चालला वेळेवर, पण आलेले शब्द गेले : २० महिन्यांच्या मुलासाठी मदत हवी आहे

कोथरूडकर_आई :
मुलगा २० महिन्यांचा आहे. पूर्ण दिवसांचा, वजन नीट. अकराव्या महिन्यात चालायला लागला, आता पळतो, सोफ्यावर चढतो. बरेचदा चवड्यांवर चालतो. तेराव्या-चौदाव्या महिन्यात 'मम्मं', 'बाबा', 'काऊ' म्हणायचा, टाटा करायचा. गेल्या दोन महिन्यांत ते सगळं बंद झालंय. एबीसीडी मात्र झेडपर्यंत घडाघडा म्हणतो. हाक मारली तर बघत नाही, पण ठरावीक जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. काही हवं असलं की माझा हात धरून तिथे ओढत नेतो.

जाऊबाईंच्या मुलाला ऑटिझम आहे आणि तो १७ महिन्यांनी चालला होता. म्हणून घरात सगळे म्हणतात, "हा लवकर चालला, हा तसा नाही. मुलगे उशिराच बोलतात." सासूबाई वेखंड-मध चाटवायला सांगतात. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, पास. वेळेवर चालला म्हणजे ऑटिझम नाही असं धरायचं का? तीन वर्षांचा होईपर्यंत थांबू का? पुण्यात सुरुवात कुठून करू?

वाचाभाषा :
ताई, असं धरू नका आणि थांबूही नका.

ऑटिझम असलेली बरीच मुलं वेळेवर चालतात, काही लवकरही चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा पसरलेला आहे. म्हणजे तुमचा ११ व्या महिन्यात आणि पुतण्या १७ महिन्यांनी, दोघेही त्यातच बसतात. त्यावरून इकडचा-तिकडचा निष्कर्ष निघत नाही. एम-चॅट-आर या ऑटिझमची शक्यता पाहणाऱ्या, पालकांनी उत्तरं द्यायच्या २० प्रश्नांच्या चाळणीत चालण्याबद्दल एकच प्रश्न आहे. बाकीचे बहुतेक नजर, बोट दाखवणं, नक्कल, हाकेला प्रतिसाद यांबद्दल आहेत.

बोलण्याचंही तसंच. ऑटिझममध्ये काही मुलं अगदी वेळेवर बोलतात. २०१३ पर्यंत वेगळं निदान असलेल्या अ‍ॅस्पर्जरची अटच ती होती : दोन वर्षांपर्यंत शब्द, तीनपर्यंत शब्द जोडून बोलणं. म्हणून शब्द किती, यापेक्षा ते कशासाठी वापरतो ते बघा. एबीसीडी म्हणताना तो तुमच्याशी काही बोलत नाहीये. उलट 'मम्मं' म्हणून तुमच्याकडे बघणं हा पक्का संवाद. 'भू भू', 'भुर्र' हेही शब्दच धरा, फक्त ते दर वेळी त्याच गोष्टीसाठी यायला हवेत.

सर्वसाधारण मर्यादा अशा : १२ महिन्यांपर्यंत 'बाबाबा-दादादा' आणि टाटा, बोट दाखवणं यांसारखे हातवारे; १६ पर्यंत एक सुटा शब्द; २४ पर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द ('दूदू दे'). या सरासऱ्या नाहीत. या ओलांडल्या की तपासणी करायचीच. आणि आलेले शब्द किंवा हातवारे गेले, तर वय कितीही असो, थांबायचं नसतं. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. टाटा गेला हे शब्द गेले याइतकंच डॉक्टरांना ठळकपणे सांगा. घरात शब्दांचीच चर्चा होते आणि हातवारे राहून जातात.

जुने व्हिडिओ काढा. पहिला वाढदिवस, बोरन्हाण, दिवाळी : फोनमध्ये तारीख आपोआप असते. बोरन्हाणात समोरून कुणी हाक मारली तर वळतो का, चुरमुरे-बोरं पडल्यावर आनंदाने तुमच्याकडे बघतो का? ३०-४० सेकंदांचे तीन-चार तुकडे वेगळे करून ठेवा, सोबत आताचे दोन. तपासणीच्या खोलीत मूल बुजतं, तिथे दिसत नाही ते यात दिसतं.

एम-चॅट-आर १६ ते ३० महिन्यांसाठी आहे. २, ५ आणि १२ या प्रश्नांना 'हो' म्हणजे काळजीचा गुण, बाकी सगळ्यांना 'नाही' म्हणजे काळजीचा. इथेच चुका होतात. ० ते २ कमी धोका, ३ ते ७ आल्यास पुढचे खुलाशाचे प्रश्न विचारून घ्यायचे, ८ किंवा जास्त आल्यास थेट तज्ज्ञ. एखादी गोष्ट कधीतरी एकदा केली असेल तर उत्तर 'नाही'. हे निदान नव्हे. आणि गुण कमी आले तरी शब्द गेलेत म्हणून तुम्ही जायचंच आहे.

वेखंड नको. जीभ जड आहे म्हणून ते चाटवतात, पण जीभ जड असल्याने हाकेला प्रतिसाद देणं बंद होत नाही.

कोथरूडकर_आई :
धन्यवाद. चवड्यांवर चालण्याचं काय? आणि मोबाइल बंद करून तीन महिने बघा असं एका ठिकाणी सांगितलंय. घरात मराठी, सोसायटीत हिंदी, प्लेग्रुपमध्ये इंग्रजी, तेही कारण असेल का?

फिजिओ_पुणे :
चवड्यांचं आधी सांगतो. झोपलेला असताना गुडघा सरळ ठेवून पाऊल हलकेच नडगीकडे वळवा. काटकोनाच्या पुढे सहज जात असेल तर स्नायू आखडलेला नाही, सध्या लक्ष ठेवणं पुरे. काटकोनापर्यंतही येत नसेल, एकाच पायाला असेल किंवा पाय ताठ वाटत असतील, तर लगेच दाखवा. तिथे ऑटिझमपेक्षा वेगळी कारणं शोधावी लागतात.

धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठीही : १८ महिने होऊनही मूल आधाराशिवाय चालत नसेल तर 'ऑटिझम असेल' म्हणून सोडू नका. मुलगा असेल तर रक्तातली सीपीके (स्नायूंना इजा होत असल्यास वाढणारं द्रव्य) तपासणी सांगितली जाते, कारण ड्युशेनसारख्या स्नायूंच्या आजारात चालणं आणि बोलणं दोन्ही उशिरा येऊ शकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजा. चालतं मूल चालायचं थांबलं, हातांचा वापर गेला किंवा झटके येत असतील, तर बालमेंदूतज्ज्ञ, त्याच आठवड्यात.

वाचाभाषा :
दोन-तीन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि शब्द जातही नाहीत. तुम्हाला जी मनापासून येते तीच बोला. आईने अडखळत इंग्रजी बोलून काही साधत नाही. मोबाइल कमी करा, जरूर, कारण तो वेळ गप्पांचा असतो. पण 'तीन महिने बघू' नको. दोन्ही बरोबर चालू दे.

तोवर घरी हे करा. झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक बरणीत चुरमुरे घालून त्याच्यासमोर ठेवा, तोंड त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि मनात पाच अंक मोजा. नजर, हात, आवाज, काहीही आलं की 'उघड' म्हणून उघडा, चार-पाचच दाणे द्या, परत बंद करा. दिवसात पाच-पाच मिनिटं, तीन-चार वेळा. गडबड होते ती "आधी चुरमुरे म्हण, मग देते" यात. शब्द येत नाही, मूल चिडतं आणि बरणीकडेच येईनासं होतं. चित्रं दाखवून मागायला शिकवल्याने बोलणं अडत नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार वर्षांपर्यंत भाषा फार मागे असलेल्या ५३५ ऑटिस्टिक मुलांपैकी ७० टक्के मुलं पुढे शब्द जोडून बोलू लागली, जवळपास निम्मी सफाईने. वीस महिन्यांत हातपाय गाळायचं कारण नाही.

औंधरोड :
पुण्यात कुठून, त्याबद्दल. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून विकासात्मक बालरोगतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. सरकारी वाटेने जायचं तर अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नोंद होते आणि पुढे शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. त्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ससूनचा बालरोग विभागही आहे. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही, तारीख लांबची मिळाली तर वाचा-उपचार आधी सुरू करा.

कान पुन्हा तपासा. जन्माच्या वेळी केलेली ओएई ही कानाची चाचणी आतल्या पेशींपुरती असते. नस आणि नंतर साठलेलं पाणी तिला कळत नाही. आधी टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी), मग 'थ्रेशोल्ड बेरा' (किती हळू आवाज नसेपर्यंत पोचतो ते मोजणारी) मागा, नुसती पास-नापास नको. रिपोर्टवर दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे असावेत. बेरा झोपेत होते, तेव्हा सकाळची वेळ घ्या, आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि रिक्षात डुलकी लागू देऊ नका. झोपेचं औषध देणार असतील तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारा. सर्दी झाली तर तारीख पुढे ढकला.